प्रत्यय

रोमान याकोबसन यांनी भाषेची दोन अंगे आणि वाचाघाताचे दोन प्रकार यांवर 1956 साली लिहिलेला निबंध आम्ही दोघांनी मिळून सोळा वर्षे शिकवला. एकाच महाविद्यालयाच्या मराठी विभागात आम्ही दोघेही आहोत. आमच्यापैकी तो शैलीविज्ञान शिकवतो, ती समीक्षाविचार. निबंध दोन्हीकडे लागे, त्यामुळे फळ्यावरची आकृती सामाईक होती: उभी रेघ निवडीची, आडवी रेघ संयोजनाची. बोलणारा माणूस अनेक पर्यायांतून एक शब्द निवडतो आणि निवडलेले शब्द एकापुढे एक जोडत जातो. निवडीची शक्ती खचली तर तो नेमका शब्द सोडून शेजारचा उचलतो. चाकूऐवजी काटा, दिव्याऐवजी टेबल. जोडणीची शक्ती खचली तर व्याकरण गळून पडते, तारेच्या मजकुरासारखे सुटे शब्द उरतात, आणि सूक्ष्मदर्शकाला तो दुर्बीण म्हणतो, कारण साम्याचा धागा तेवढा शाबूत असतो. येथून लक्षणा आणि रूपक, गद्य आणि कविता, वास्तववाद आणि स्वच्छंदतावाद असा प्रवास आम्ही एका तासिकेत उरकत असू. विद्यार्थी वहीत दोन रकाने आखत. परीक्षेत त्यावर प्रश्न येई आणि उत्तरे बरी येत.

वाचाघात हा आमच्या लेखी त्या सिद्धान्ताकडे नेणारा जिना होता. त्या जिन्यावर कोणी उभे आहे का, हे पाहण्याची गरज सोळा वर्षांत आम्हांला एकदाही वाटली नाही.

या लेखातील 'आम्ही' ही जुन्या निबंधकारांची ऐटीची सवय नव्हे. लेख खरोखरच दोघांचा आहे. टंकन त्याने केले; तिने ऐकले, वाचले, काही सांगितले आणि बरेच काही खोडले. मात्र पुढच्या एका परिच्छेदातील तपशील फक्त त्याचे आहेत, कारण तिला त्यातले काहीही आठवत नाही.

2023 सालच्या जानेवारीत, संक्रांत होऊन चार दिवस झाले असतील, पहाटे चहाचे आधण ठेवताना ती एकदम ओट्याचा कठडा धरून खाली बसली. डोक्यात काहीतरी फुटले, एवढेच म्हणाली. मग उलटी झाली, मान ताठली आणि उजवा हात जड पडला. साताऱ्यात सिटी स्कॅन झाला. मेंदूतील रक्तवाहिनीवर असलेला फुगा फुटून डाव्या बाजूस रक्त साठले होते. रुग्णवाहिका पुण्याकडे निघाली. खंबाटकीच्या बोगद्यात शिरल्यावर आतला पिवळा उजेड तिच्या चेहऱ्यावरून सरकत राहिला आणि बोगदा संपेपर्यंत तिचा श्वास चालू आहे की नाही हे त्याला कळेना. दुपारी शस्त्रक्रिया झाली. फुटलेल्या जागी क्लिप बसवली, साकळलेले रक्त काढले. मेंदूला सूज होती म्हणून कवटीचा तळहाताएवढा तुकडा परत न बसवता पोटाच्या कातडीखाली ठेवून दिला. सूज ओसरल्यावर, दोनतीन महिन्यांनी तो मूळ जागी बसवायचा, असे सर्जनांनी समजावले. पोटात हाड जपून ठेवण्याची ही कल्पना त्याला त्या क्षणी विलक्षण घरगुती वाटली. चीजवस्तू डब्यात ठेवावी तशी.

अठराव्या दिवशी आम्ही घरी आलो. रक्तवाहिन्या आकसू नयेत म्हणून द्यायची गोळी एकवीस दिवस, दर चार तासांनी, रात्रीसुद्धा चुकवायची नव्हती. तीन दिवसांच्या गोळ्या उरल्या होत्या. झटके येऊ नयेत म्हणून दुसरी गोळी सकाळ-संध्याकाळ होती, ती पुढे दीर्घकाळ चालली. रक्तदाबाची वही झाली. डोक्याच्या डाव्या बाजूस जिथे हाड नव्हते तिथे आधी फुगवटा होता, मग खळगा पडला, आणि त्या कातडीखाली नाडी उडताना दिसे. त्या कुशीवर झोपायचे नाही, खाली वाकायचे नाही, पलंगावरून उतरण्यापूर्वी हेल्मेट घालायचे. रजा, पगार, बिले आणि कार्यालयांतले हेलपाटे यांविषयी येथे लिहीत नाही. ते सर्वांचे सारखेच असतात.

लिहायचे आहे ते भाषेविषयी. घरी आली तेव्हा तिच्याकडे एकच शब्द होता: 'बस'.

पाणी हवे, बस. दिवा मालवा, बस. उजवा हात दुखतो, बस. मराठीत या दोन अक्षरांना किती अर्थ आहेत, हे तोवर आमच्या ध्यानात आले नव्हते. भेटायला आलेले लोक ते ऐकून खुर्ची ओढून बसत. त्याची आई ताटात वाढता वाढता हात आवरून घेई. शेजारच्या काकूंना वाटले, तिला गावी जायचे आहे. आणि ती हताशपणे मान हलवून, शक्य तितक्या निराळ्या सुरात पुन्हा म्हणे, बस. सूर तिला अवगत होते. विनंतीचा वेगळा, रागाचा वेगळा, थट्टेचाही वेगळा. आम्ही हळूहळू शब्द ऐकणे सोडून सूर ऐकू लागलो.

मेंदूच्या या भागाचा इतिहास अशाच एका शब्दापासून सुरू होतो. पॅरिसमध्ये 1861 साली पॉल ब्रोका या सर्जनांकडे एक रुग्ण आला. त्याला बोललेले बरेचसे समजे, पण स्वतःला 'तां' एवढाच ध्वनी काढता येई आणि तो बहुधा दोनदा काढी. थोड्याच दिवसांत तो वारला. ब्रोका यांनी त्याचा मेंदू तपासला, डाव्या पुढच्या भागातील इजा दाखवली, आणि तो भाग पुढे त्यांच्या नावाने ओळखला जाऊ लागला. मेंदू पॅरिसच्या संग्रहालयात गेला. रुग्ण पुस्तकांत 'तां' म्हणूनच राहिला. आडनाव लबोर्न्य हे माहीत होते, पण तो कोण, कुठला, त्याचे पूर्ण नाव काय, हे एका संशोधकाने जुनी कागदपत्रे चाळून प्रसिद्ध केले ते 2013 साली, म्हणजे दीडशे वर्षांनी. ज्याच्यामुळे आपण वाचेविषयी इतके जाणतो त्याला आपण त्याच्या व्यंगाने हाक मारत होतो. तिने ही हकीकत ऐकली तेव्हा बराच वेळ काही म्हटले नाही. नंतर डाव्या हाताने स्वतःकडे बोट दाखवून म्हणाली, "बस." आणि हसली. शस्त्रक्रियेनंतरचा तिचा तो पहिला विनोद.

फेब्रुवारीच्या मध्यावर एक चमत्कारिक गोष्ट घडली. तिन्हीसांजेला आई देवापाशी दिवा लावून शुभंकरोति म्हणत होत्या. कोचावरून तिचा आवाज त्यांच्या आवाजात मिसळला आणि ती शेवटपर्यंत, एकही अक्षर न अडखळता म्हणत गेली. आईंच्या डोळ्यांना धारा लागल्या. काकू धावत आल्या, "अहो, बोलायला लागल्या!" रात्री चार नातेवाइकांचे अभिनंदनाचे फोन आले. त्याच रात्री तिला तहान लागली आणि पाणी हा शब्द सापडेना, ती रडली.

स्पीच थेरपिस्ट बाईंनी नंतर उलगडून सांगितले. पाठ झालेली वाणी, म्हणजे प्रार्थना, आरत्या, अंक, वारांची नावे, शिव्यासुद्धा, आपण दरवेळी नव्याने रचीत नाही. त्यासाठी लागणारी वाट निराळी असते आणि ती अनेकदा शाबूत राहते. गाण्याच्या लयीचा आधार घेऊन बोलणे परत आणण्याच्या उपचारपद्धतीही आहेत. पण म्हणणे आणि बोलणे यांत अंतर आहे. हे अंतर आमच्या परंपरेला अपरिचित होते असे नाही. भर्तृहरीने वाणीच्या पश्यंती, मध्यमा, वैखरी अशा पायऱ्या सांगितल्या. वैखरी म्हणजे कानाला ऐकू येणारे बोलणे, आणि त्यामागे शब्द आकाराला येण्यापूर्वीचे काहीतरी असते. वर्गात हे सांगताना आम्ही वर बोट करीत असू, जणू ती गोष्ट कुठेतरी उंचावर आहे. ती कोचावर, हेल्मेट घालून, ओठ आवळून, पाण्याच्या तांब्याकडे पाहत बसलेली असते, हे आता कळले.

पण त्या प्रार्थनेचा उपयोग झालाच. अंकांची वाट मोकळी आहे असे दिसल्यावर ती त्या वाटेने चालू लागली. सात म्हणायचे असेल तर मनात नव्हे, मोठ्याने, एकपासून मोजत सातवर येऊन थांबायचे. वार सांगायचा तर सोमवारपासून निघायचे. गुरुवारपर्यंत पोहोचायला वेळ लागे, पण ती पोहोचे.

मार्चमध्ये शब्द येऊ लागले. थेरपिस्ट बाईंनी दिलेल्या चित्रांत सफरचंद, छत्री, विमान असे काय काय होते. आमच्या घरात विमानाचा विषय निघत नाही. मग त्याने घरातल्याच वस्तूंच्या चिठ्ठ्या केल्या: सांडशी, पोळपाट, किसणी, चष्मा, गोळी. नामे एकेक करून परतली. क्रियापदे आली तीही कोशातल्यासारखी, शेवटी 'णे' लावून. जाणे, खाणे, झोपणे. जे येईना ते प्रत्यय.

मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' 1911 सालचे. त्यातील विभक्तिविचार आम्ही विद्यार्थिदशेत कुरकुरत वाचला होता. मराठीत नामाला नुसता प्रत्यय लागत नाही, त्याआधी नामाला आपले रूप बदलून त्याच्यासाठी जागा करावी लागते. घोडाचे घोड्या होते, मग ला. ही दुहेरी उडी तिला जमेना. एका सकाळी ती म्हणाली, "आई... उद्या... फोन." तिची आई कराडला असते. आईला फोन करायचा? आईचा फोन आला होता? आईने उद्या यावे म्हणून फोन करायचा? उद्या फोन केला तर आई रागावेल? एकेका अक्षराचा फरक, आणि त्या अक्षरांवर सगळे नाते तोललेले. कोण कोणाला, कोणासाठी, कोणाकडून, हे सांगण्याचे काम मराठी शब्दांच्या शेपटाकडे सोपवते. शेपूट गेल्यावर माणसे आणि वस्तू घरभर सुट्या पडल्या होत्या आणि त्यांचा एकमेकांशी संबंध काय, हे आम्ही प्रश्न विचारून विचारून लावत होतो. शेवटी निघाले ते असे: दुसऱ्या दिवशी आईचा वाढदिवस होता.

प्रत्यय या शब्दाचा दुसरा अर्थ अनुभव, खात्री. दोन्ही अर्थ एकाच शब्दात का असावेत, याचे उत्तर व्युत्पत्तीत सापडेल. आम्हांला ते त्या वाढदिवशी सापडले असे वाटते.

याच काळात सर्वनामेही हरवली होती. आमच्या घरात सुनेने सासूला 'अहो आई' म्हणायची पद्धत. तीही बावीस वर्षे तशीच म्हणत आली. आता तिला 'तुम्ही' आणि त्याच्या मागून येणारे क्रियापदाचे रूप जड जाई. एक दिवस आई तिच्या पायांना तेल चोळत होत्या, तेव्हा ती म्हणाली, "आई, तू बस." खोलीत शांतता पसरली. चूक तिच्याही ध्यानात आली. चेहरा कसनुसा झाला, पण दुरुस्ती जमेना. आईंनी तेलाची वाटी खाली ठेवली. म्हणाल्या, "राहू दे गं. मला तू म्हणणारं आता कोण उरलंय?" पुढे सहासात महिन्यांनी 'अहो' परत आले तेव्हा थेरपिस्ट बाईंनी ती प्रगती म्हणून नोंदवली. आई काही बोलल्या नाहीत, पण त्या दिवशी त्यांचे जेवणात लक्ष नव्हते.

आता त्या वहीविषयी लिहिले पाहिजे. हा लेख खरे तर तिच्यासाठीच लिहायचा होता.

शब्द परतू लागले तेव्हा ते सगळेच आपापल्या जागी परतले नाहीत. हेल्मेटला ती कढई म्हणाली. डोक्यावरच्या टाक्यांच्या खुणेला रेल्वे म्हणाली. अंघोळीच्या शॉवरला पाऊस म्हणाली. सूक्ष्मदर्शकाला दुर्बीण! सोळा वर्षे फळ्यावर लिहिलेली आकृती आमच्या न्हाणीघरात उभी होती. आमच्यापैकी त्याने एक वही केली. तारीख, प्रसंग, उच्चारलेला शब्द, अभिप्रेत शब्द असे रकाने आखले. सुरुवातीला हेतू चांगला होता. थेरपिस्ट बाईंना दाखवता येईल, सुधारणा मोजता येईल. पण रात्री ती झोपल्यावर तो ती वही वाचत बसू लागला, आणि वाचताना त्याला जे वाटे त्याला आनंद याखेरीज दुसरे नाव नाही. काही जोड्या समासात लिहून ठेवल्या होत्या, ओळी पाडून, कवितेसारख्या. एकदोन कविमित्रांना त्याने त्या फोनवर ऐकवल्याही. "काय प्रतिमा आहे!" ते म्हणाले.

एप्रिलच्या शेवटी हाड परत बसवण्याची शस्त्रक्रिया झाली. घरी आल्यावर आठवड्याने तिला ती वही सापडली. वाचन तेव्हा अडखळत होते, तरी रकाने तिला समजले. विद्यार्थ्यांच्या वहीत ते तिनेच आखून घेतले होते. तो महाविद्यालयातून परतला तेव्हा वही तिच्या मांडीवर होती. तिने एका ओळीवर बोट ठेवले. तेथे लिहिलेला शब्द सुंदर होता. तो येथे देण्याची परवानगी नाही. ती म्हणाली, "कविता... नाही." मग कितीतरी वेळ लावून, ओठ पुन्हा पुन्हा जुळवून, "टॉवेल. मला... टॉवेल... पाहिजे... होता."

ते तिचे पहिले पूर्ण वाक्य. कर्ता, कर्म, प्रत्यय, काळ, सगळे जागच्या जागी. त्याने ते वहीत लिहिले नाही.

त्या दिवशी ती ओली, थंडीने कुडकुडत न्हाणीघरात उभी होती आणि दाराबाहेर तिचा नवरा वहीत रूपक टिपत होता, हे त्याने कबूल केले. त्यावर तो स्पष्टीकरणे देऊ लागला तेव्हा तिने हात वर करून त्याला थांबवले. बोलण्यात तो तेव्हा फार पुढे होता. ज्याला भाषा आहे त्याने आपली बाजू मांडत सुटणे यात एक प्रकारची दांडगाई असते. घरातले एक माणूस दहा शब्दांवर जगत असताना दुसऱ्याने हजार शब्दांनी क्षमा मागू नये, हे तो त्या संध्याकाळी शिकला.

तेथून पुढे घर बदलले. तोवर तिचे वाक्य अडले की तो ते पूर्ण करून देई. शिक्षकाची सवय, वर्गातील शांतता सहन होत नाही. दहापैकी सातआठ वेळा त्याचा अंदाज बरोबर निघे, आणि तिथेच खोट होती. बरोबर निघालेल्या प्रत्येक वेळी तिची शोधण्याची संधी हुकत होती. आता त्याने मनात दहापर्यंत मोजायचे ठरवले, मग वीसपर्यंत. एका वेळी एकच प्रश्न विचारायचा. टीव्ही बंद ठेवून बोलायचे. ती कधी नाही म्हणायच्या वेळी हो म्हणून जाई, म्हणून महत्त्वाचे काही असेल तर हाताची खूण विचारायची. भेटायला येणारे लोक ती बहिरी असल्यासारखे मोठ्याने बोलत, किंवा तिच्यासमोरच त्याला विचारत, "यांना कळतं का सगळं?" अशा वेळी त्याने उत्तर न देता तिच्याकडे पाहायचे. काहींना ते उद्धटपणाचे वाटले. असो.

त्याच्या भीतीविषयीही एक वाक्य लिहावे असा तिचा आग्रह आहे. वर्षभर तो रात्री दोनतीनदा उठून तिच्या नाकाशी हात धरून पाही. तिला ते माहीत होते आणि तो घाबरू नये म्हणून ती त्या वेळी मुद्दाम कूस बदले. म्हणजे कोण कोणाला सांभाळत होते, याचा हिशेब वाटतो तितका सरळ नाही.

पहिल्या सहा महिन्यांत सुधारणा वेगाने होते, मग वेग मंदावतो पण ती थांबत नाही, असे डॉक्टरांनी सांगितले होते. आमचा अनुभव तसाच आहे. त्या वर्षीच्या गणपतीत ती आरतीला उभी राहिली, पण झांजांचा आवाज सोसवेना म्हणून आतल्या खोलीत गेली. उजव्या हाताने सही जमू लागली. 2024 सालच्या जूनमध्ये ती कामावर रुजू झाली. पहिल्या तासाला तिने फळ्यावर आधीच लिहून ठेवले होते: "मी थांबले तर शब्द सुचवू नका. मी शोधते आहे." विद्यार्थ्यांनी ते पाळले. पुढे एका मुलीने तिला सांगितले, "मॅडम, तुम्ही थांबता तेव्हा आम्हीपण तो शब्द शोधतो." पूर्वी आमच्या अस्खलित तासांना असे कोणी काही शोधत असेल याची खात्री देता येत नाही.

यंदा याकोबसन पुन्हा शिकवला. आकृती तीच, दोन रेघा. मात्र आता ती आधी सांगते की या निबंधातील उदाहरणे माणसांची आहेत. डॉक्टरांनी नोंदवलेल्या त्या माणसांना त्या क्षणी काहीतरी हवे होते, आणि ते त्यांना मिळाले की नाही हे निबंध सांगत नाही. सिद्धान्त यामुळे खोटा ठरत नाही. आम्हांला तो आजही फार मोठा वाटतो. फक्त त्याचा जिना आता रिकामा दिसत नाही.

संध्याकाळी ती थकते, आणि थकली की प्रत्यय आधी जातात. फोनवर बोलणे अजून अवघड आहे. रागावली की वाक्य मोडते, त्यामुळे भांडणात तिचा नेहमी तोटा होतो. म्हणून आमच्यात आता भांडण लेखी होते. वही तीच. जुनी पाने तिने फाडली नाहीत, पण चिकटवून टाकली. त्यांतले तीन शब्द वर आले आहेत: कढई, रेल्वे, पाऊस. तेवढेच तिने दिले.

हा मजकूर वाचताना तिने बारा ठिकाणी काट मारली, त्यातील बहुतेक विशेषणे होती. शेवटी त्याने 'ती पूर्ण बरी झाली' असे लिहिले होते. तेही खोडले. मग काय लिहायचे, असे विचारून तो थांबला आणि मनात मोजू लागला. चौदाव्या अंकाला ती म्हणाली, "आपलं चालू आहे, असं लिही."

'आम्ही' आणि 'आपण' यांतला फरक मराठीच्या विद्यार्थ्यांना सांगायला नको. तूर्तास इतकेच.